मामाची न चोरता येणारी गाडी

हे गजवदना, पहिले वंदन तुला. तुझे वाहन मूषक; त्याला किल्ली लागत नाही. महादेवाचा नंदी हाक मारली की उठतो. नारायणाचा गरुड नुसती आठवण काढली की अंगणात उतरतो. जगदंबेच्या सिंहाला कोणी चोरून नेईल, ही शंका तर आजवर कोणाला शिवलीही नाही. ज्यांची वाहने अशी मनावर चालतात, त्या सर्व देवतांना नमस्कार असो. आता ज्याचे वाहन मनावर नाही, किल्लीवर नाही आणि ढकलूनही नाही चालले, अशा एका भोळ्या जिवाची कथा ऐका. बाळांनो, मांडी घालून बसा. हात जोडले नाहीत तरी चालेल, पण शेजाऱ्याला चिमटे काढू नका.

एका जंगलात विश्वंभरपंत नावाचे एक अस्वल राहत होते. देह मोठा, मन मऊ आणि नित्यनेम कडक. पहाटे ओढ्यावर स्नान, मग देवपूजा, मग मध. या क्रमात कधी बदल झाला नाही. एकदा पूर आला तेव्हा पंतांचे स्नान घरातच झाले, पण पूजेआधी मध त्यांनी चाखला नाही.

पंतांपाशी एक मोटारगाडी होती. जंगलात गाडी कोठून आली, असे विचारू नका. जंगलात अस्वलाला पंत म्हणतात एवढे तुम्ही मुकाट मान्य केलेत, तर गाडीही मान्य करा.

साऱ्या जंगलात गाडी अशी ती एकच. त्यामुळे ती चोरणारा कोणी नव्हता. चोरून न्यायची कुठे, आणि नेली तरी लपवायची कशी? परंतु पंतांच्या पत्नी सगुणाबाई यांचे म्हणणे असे पडले, की आज गाडीचोर नाही म्हणून उद्या होणारच नाही, असे थोडेच आहे. म्हणून पंतांनी चोर ओळखणारी गाडी निवडली होती.

तिची रचना मोठी सुरेख होती. किल्लीच्या पोटात तिळाएवढे एक यंत्र होते. किल्ली लावली की ते यंत्र गाडीच्या कानात आपले नाव सांगे. नाव ओळखीचे निघाले तर गाडी सुरू होई. न निघाले तर गाडी मौन धरी, आणि तिच्या आतल्या फळीवर किल्लीच्या आकाराचा एक तांबडा दिवा लुकलुकू लागे. पुन्हा पुन्हा तसेच झाले, तर भोंगा वाजे.

आता प्रसंग ऐका. पंतांची धाकटी बहीण टेकडीपलीकडच्या रानात नांदत होती. तिची लेक मंजुळा हिचे लग्न ठरले. मुहूर्त माध्यान्हीचा होता. सूर्य शिरीषाच्या शेंड्यावर आला की अक्षता पडायच्या.

लग्नाच्या दिवशी नवरी गौरीहरापुढे बसते, हे तुम्हांला ठाऊक आहेच. पार्वतीला अक्षता वाहत ती वाट पाहते. कोणाची? मामाची. मामाने यावे, तिचा हात धरावा आणि तिला बोहल्यावर न्यावे. मामा आल्यावाचून नवरी उठत नाही.

मंजुळा लहान असताना पंतांच्या पाठीवर बसून मध काढायला जात असे. एकदा तिच्या नाकाला मधमाशी चावली. ती रडेना, नुसती फुगून बसली. पंतांनी तिच्या नाकावर ओली माती लावली आणि तिला हसवण्यासाठी म्हणाले, "हे नाक उतरू दे. मग तुझं लग्न करू. बोहल्यावर मीच नेणार तुला." नाक दुसऱ्या दिवशी उतरले. शब्द मात्र राहिला. मोठी झाली तरी मंजुळा दरवर्षी त्याची आठवण देई.

पंत न पोहोचले तर मुहूर्त कोणासाठी थांबणार नव्हता. तशी वेळ आली तर मंजुळेचा एक चुलतमामा तयारच होता. तो पहाटेपासून नवी पगडी घालून मांडवात उभा होता, आणि कोणी विचारले नाही तरी सांगत होता, "मी आहे. काळजी नको."

इकडे पंतांनी गाडीला झेंडूची माळ घातली. तेवढ्यात सगुणाबाई आतून दुसरी किल्ली घेऊन आल्या. ही जादा किल्ली इतकी वर्षे तांदळाच्या डब्यात असे. बाईंनी दोन्ही किल्ल्यांना हळदकुंकू लावले, पिवळ्या दोऱ्याने एकाच कडीला बांधले आणि वर फुलाची पाकळी ठेवली.

"दोन्ही कशाला?" पंतांनी विचारले.

"लग्नाचा दिवस आहे. जोडीतलं एक घरी आणि एक लग्नाला, असं करू नये."

त्या दिवशी त्यांनी समया घेतल्या त्या दोन, पाट घेतले ते दोन, आणि पंतांच्या एका वहाणेचा अंगठा तुटला होता तरी वहाणाही दोन्ही घेतल्या. पंत घरातल्या शास्त्रार्थात पडत नसत. ते गाडीत बसले, कुलदेवतेचे नाव घेतले आणि किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली नाही. तांबडा दिवा लुकलुकू लागला.

पंतांनी दुसऱ्या देवतेचे नाव घेतले. मग तिसऱ्या. तिसऱ्या नावाला भोंगा वाजला, आणि असा वाजला की झाडावरची कच्ची चिंच खाली पडली.

जंगलाने तो भोंगा पूर्वी कधी ऐकला नव्हता. पण तो चोराचा भोंगा आहे, हे पंतांनीच गाडी आणली तेव्हा घरोघर जाऊन सांगितले होते. रानडुकरे, हरणे, साळिंदर, जो तो हाती लागेल ते दांडके घेऊन धावत आला. त्यांनी गाडीला वेढा दिला.

"उतर खाली," एक रानडुक्कर दरडावून म्हणाले.

"अहो, मी मालक आहे."

"सापडल्यावर सगळे हेच सांगतात."

पंतांनी खिडकीतून तोंड बाहेर काढले तेव्हा डुकराने दांडके खाली केले. ते म्हणाले, "पंत, तुम्ही होय? मग स्वतःचीच गाडी चोरायला निघालात कशाला? मागितली असती तर तुमची तुम्हांला मिळाली नसती का?"

त्या गर्दीत शंखाबाई नावाची एक वृद्ध गोगलगायही होती. ती भोंगा ऐकून आली नव्हती. ती आधीपासूनच पुढच्या चाकाशी होती, आणि आपल्या वाटेने चालली होती. पंतांनी नमस्कार करून विचारले, "आजी, लग्नालाच निघालात ना?"

"लग्न चुकलं रे माझं," शंखाबाई म्हणाल्या. "मी बारशाला निघालेय. आत्ता निघाले तर वेळेवर पोहोचेन."

सूर्य तेव्हा शिरीषाच्या गुडघ्याशी होता. टेकडीपलीकडे पायी जायला पंतांना फार तर तासभर लागला असता. बाळांनो, तुमच्या मनात जे आले ते पंतांच्याही मनात आले. ते दोन पावले चाललेसुद्धा. पण मागून कोणीतरी म्हणाले, "गाडीवाला मामा पायी निघाला वाटतं." पंतांचा पाय तिथेच अडला. गाडीतून येईन, असे ते सोयऱ्यांना सांगून चुकले होते. ते परतले, आणि हुप्पे वस्तादांना निरोप गेला.

हुप्पे वस्ताद हे वानर. जंगलातले सर्व यंत्रकाम त्यांच्याकडे असे. आजवर त्यांनी एक रहाट आणि दोन झोके दुरुस्त केले होते. त्यांनी गाडीचे झाकण उघडले, डोके आत घातले आणि बराच वेळ ते बाहेर काढले नाही.

"काय दिसतंय?" पंतांनी विचारले.

"सगळं आहे," वस्ताद आतून म्हणाले.

त्यांनी दिवे लावून पाहिले; दिवे लख्ख होते. पेट्रोल हुंगून पाहिले; ते भरपूर होते. बॅटरीला कान लावला. तिची काही तक्रार नव्हती. मग भोंगा वाजवून पाहिला. त्याबरोबर ओढ्यापलीकडचे जे कोणी पहिल्या वेळी आले नव्हते, तेही दांडकी घेऊन आले, आणि पंतांना पुन्हा एकदा आपण मालक असल्याचे पटवून द्यावे लागले.

"आता ढकलायची," वस्तादांनी निदान केले.

आलेली गर्दी कामी आली. सर्वांनी खांदा लावला. गाडी अंगणभर फिरली, तुळशीला वळसा घालून गेली, पण सुरू म्हणून झाली नाही. शेवटी ती थांबली तेव्हा तिचे तोंड लग्नाच्या विरुद्ध दिशेला होते. वस्तादांनी हात पुसले आणि सांगितले, "गाडीत दोष नाही. दोष वेळेचा आहे."

सूर्य शिरीषाच्या कमरेला आला.

तेव्हा सगुणाबाईंना आठवण झाली, की गाडीबरोबर एक पुस्तक आले होते. ते कोठे आहे, हे पंतांना ठाऊक होते. ते देवघरात होते. छापलेले जे जे ते ते पूज्य, अशा भावनेने पंतांनी ते आल्या दिवशीच रेशमी वस्त्रात बांधून देवांशेजारी ठेवले होते. त्याला रोज गंध लागे, रोज फूल वाहिले जाई. उघडले मात्र कधीच नव्हते.

पोथी वाचायची तर राघूशास्त्रीच हवेत. ते आले, मिरची खाऊन वाणी शुद्ध केली आणि पाटावर बसले. वस्त्र सोडले. आत अठरा अध्याय निघाले. अठरा हा आकडा ऐकताच जमलेल्या मंडळींनी दांडकी खाली ठेवली आणि मांड्या घातल्या.

सगुणाबाईंनी अनुक्रमणिकेवर बोट ठेवले. "हे बघा, अध्याय अठरावा, चोरप्रतिबंध. तांबड्या दिव्याचं चित्रही आहे. एवढाच वाचा."

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. "वहिनी, पोथी कोणी शेवटाकडून वाचतं का?"

"पण उशीर होतोय."

"उशीर होतो म्हणून मधाआधीची पूजा पंतांनी कधी टाकली आहे का? विचारा त्यांना."

पंतांनी मान खाली घातली. त्यांचा जन्म नेमात गेला होता. त्यांना मंजुळेचे नाक दिसत होते, चुलतमामाची पगडीही दिसत होती, पण क्रम मोडा असे त्यांच्या तोंडून निघेना. ते एवढेच म्हणाले, "थोडं भरभर वाचा."

शास्त्रीबुवांनी आरंभ केला. "अध्याय पहिला. आमचे वाहन निवडल्याबद्दल आपले हार्दिक अभिनंदन."

श्रोत्यांनी माना डोलावल्या. एका हरिणीचे डोळे भरून आले. तिचे अभिनंदन आजवर कोणी केले नव्हते.

दुसऱ्या अध्यायात आसन पुढेमागे कसे सरकवावे, याचे निरूपण होते. तिसऱ्यात पट्टा बांधण्याचे माहात्म्य. चौथ्यात पाऊस नसताना काच पुसणारे हात चालवू नयेत, असा निषेध. प्रत्येक अध्यायाच्या शेवटी शास्त्री थांबत, श्रोते हात जोडत, आणि एक साळिंदर भक्तिभावाने विचारी, "म्हणजे काय?" शास्त्री उत्तर देत, "पुढच्या अध्यायात येईल." सातव्या अध्यायात सामानाच्या कप्प्याचे वर्णन इतके विस्तृत होते, की दोन ससे तिथेच झोपी गेले.

सूर्य शिरीषाच्या खांद्याला टेकला. पंतांनी मनात हिशेब केला. आता चालत गेले तर पोहोचणे नाही. धावत गेले तर कदाचित. त्यांनी आपल्या देहाकडे पाहिले, आणि तो कदाचितही मावळला. आता पोहोचवील तर ही गाडीच. ते पायरीवर बसले. त्यांना एकाएकी वाटले, की आपण सकाळपासून लग्नाला निघालेलो नाही. आपण गाडीला न्यायला निघालो आहोत.

त्यांची ती मुद्रा पाहून हुप्पे वस्ताद जवळ आले आणि हळूच म्हणाले, की किल्लीशिवाय गाडी चालवणे ही वेगळी विद्या आहे. ती आपल्याला येत नाही. ती चोराला येत असावी. आणि चोर असा जंगलात एकच आहे.

तो म्हणजे उदाजी. हे उदमांजर होते. एके काळी ताडीची मडकी, मधाची पोळी, वाळत घातलेली धोतरे, उदाजीच्या हाताला काहीच वर्ज्य नव्हते. गेल्या चातुर्मासात त्याला उपरती झाली. तेव्हापासून त्याने गळ्यात माळ घातली होती आणि चोरी सोडली होती. मनाने सोडली होती. बोटांना ती बातमी अजून पुरती पोहोचली नव्हती.

उदाजी आला. त्याने पंतांच्या पायांवर डोके ठेवले आणि गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली. खाली वाकून पाहिले, आत बसून पाहिले, आणि जुन्या धंद्याच्या ओढीने क्षणभर त्याचे डोळे चमकले. मग तो बाहेर आला.

"पंत, खोटं सांगणार नाही. ही गाडी कोणाच्या बापाला चोरता यायची नाही."

पंतांचा चेहरा उजळला. क्षणभर ते लग्न, मुहूर्त, पगडी, सारे विसरले. ते पत्नीकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? चोरताच येत नाही."

"कोणालाच नाही," उदाजी आदराने म्हणाला. "मालकालासुद्धा."

पंत पुन्हा पायरीवर बसले. उदाजीला फार वाईट वाटले. त्याने कडी हातात घेतली, किल्ल्या उलटसुलट करून पाहिल्या, कपाळाला लावल्या, आणि कडी परत पंतांच्या ओंजळीत ठेवली. मग तो नमस्कार करून निघून गेला. चिंचेखालून जाताना त्याला आपली मूठ मिटलेली दिसली. उघडून पाहतो तो आत एक किल्ली. त्याने कपाळावर हात मारला. पण परत जाऊन काय सांगणार? पंतांना अशा दुःखात आणखी दुःख कशाला द्यायचे, असा विचार करून तो तसाच पुढे गेला.

इकडे पंत उठले. त्यांनी कडीकडे पाहिलेही नाही, कारण त्यांचे डोळे पाण्याने भरले होते. ते गाडीत बसले. या वेळी त्यांनी कोणत्याही देवतेचे नाव घेतले नाही. ते म्हणाले, "मंजुळे, मामा चुकला ग."

आणि त्यांनी किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली.

अंगणात एकच कल्लोळ उठला. सगुणाबाई म्हणाल्या, की त्यांनी नुकताच देवीला खणानारळाचा नवस बोलला होता. हुप्पे वस्ताद म्हणाले, की ढकलण्याचा गुण सावकाश येतो. राघूशास्त्री काही म्हणाले नाहीत. त्यांनी नुकत्याच संपवलेल्या अकराव्या अध्यायाला वाकून नमस्कार केला, आणि तो नमस्कार पुरेसा बोलका होता. कडीला किल्ली एकच उरली आहे, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

गाडी वळवली, सगुणाबाई बसल्या, समया बसल्या, आणि शास्त्रीही बसले, कारण पारायण अर्धवट सोडता येत नाही. टेकडी चढताना बारावा अध्याय झाला. उतरताना तेरावा. त्यात उताराला वेग आवरावा असे सांगितले होते, पण ते ऐकू येईपर्यंत उतार संपला होता.

मांडवात सूर्य शिरीषाच्या शेंड्याला हात लावत होता. अंतरपाट धरला होता. चुलतमामा पगडी सारखी करून गौरीहरापुढे आला आणि त्याने मंजुळेपुढे पंजा केला. मंजुळेने वर पाहिले नाही. ती अक्षता वाहत राहिली. तिची आई म्हणाली, "ऊठ बाई, मुहूर्त टळेल." ती म्हणाली, "एवढ्या अक्षता संपू देत." असे म्हणून ती हळूच खाली पडलेल्या अक्षता वेचून पुन्हा ओंजळीत भरत होती.

तेवढ्यात दारात भोंगा वाजला. या वेळी तो आनंदाचा होता.

पंत धापा टाकत आत आले. पंजाला गाडीचे तेल, गुडघ्याला अंगणाची माती. मंजुळेने ओंजळ रिकामी केली आणि त्यांच्या हातात हात दिला. बोहल्याकडे चालताना ती पुटपुटली, "पायी आला असतास तर केव्हाच आला असतास. मी सकाळपासून पाऊलवाटेकडे बघत होते."

तेवढ्यात मंगलाष्टके सुरू झाली, म्हणून पंतांना उत्तर द्यावे लागले नाही.

लग्न यथासांग झाले. पंगती उठल्या. आता वरात निघायची. नवरानवरीने मामाच्या गाडीत बसून जावे, असे ठरले. माळा नव्या घातल्या, समया मागे ठेवल्या, जोडपे आत बसले.

इतक्यात गर्दीतून वाट काढीत उदाजी आला. त्याने पंतांचे पाय धरले. तो पंगतीत बसला होता, पण पहिला घास घशाखाली उतरेना. मूठ उघडून त्याने किल्ली पुढे केली आणि झालेला प्रकार सर्वांसमक्ष सांगितला.

पंतांनी उदाजीला उठवून छातीशी धरले. व्याह्यांनी डोळे पुसले. सगुणाबाईंनी नवा पिवळा दोरा काढला, दोन्ही किल्ल्या पुन्हा एकाच कडीला बांधल्या, आणि या वेळी सात गाठी मारल्या. "जोडी पुन्हा एक झाली," त्या म्हणाल्या. सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

पंतांनी किल्ली फिरवली.

तांबडा दिवा लुकलुकू लागला.

तिसऱ्या खेपेला भोंगा वाजला, आणि व्याह्यांकडचे जे कोणी नवे होते ते दांडकी शोधू लागले. मांडवात सन्नाटा पसरला. त्या सन्नाट्यात एकच आवाज चालू होता. कोपऱ्यात राघूशास्त्री अठराव्या अध्यायाला आले होते.

"एकाच कडीत दोन किल्ल्या ठेवल्यास," शास्त्री वाचत होते, "दोघी एकदम आपापले नाव सांगू लागतात. त्या गोंधळात वाहन कोणालाच ओळखत नाही. यास्तव दुसरी किल्ली दूर ठेवावी, म्हणजे वाहन तत्काळ सुरू होईल."

सर्वांनी ऐकले. सर्वांना कळले. साळिंदराने या वेळी "म्हणजे काय?" असेही विचारले नाही.

मग पंत उठले आणि पोथीला साष्टांग नमस्कार घातला. "केवढं ज्ञान सांगितलंय," ते म्हणाले.

शास्त्रीबुवांनी फलश्रुती वाचली. जो वेळच्या वेळी तेल बदलील त्याला दोन वर्षे भय नाही, असा तिचा आशय होता. आरती झाली. पोथी रेशमी वस्त्रात बांधली गेली. प्रसाद वाटला.

हुप्पे वस्तादांनी हळूच किल्ल्यांच्या दोऱ्याला हात घातला. सगुणाबाईंनी त्यांच्याकडे नुसते पाहिले.

"लग्नाच्या दिवशी जोडी तोडणार?"

वस्तादांनी हात मागे घेतला. पंतांनीही मान हलवली. व्याह्यांना तर ते बोलणे इतके पटले, की त्यांनी सात गाठींवर आठवी मारली. नवरानवरी गाडीतून उतरली आणि हातात हात घालून पायीच सासरी निघाली. वाट लहान होती. दोघे मजेत गप्पा मारीत गेले, आणि दिवेलागणीच्या आत पोहोचले.

पंत आणि सगुणाबाईही पाऊलवाटेने घरी आले. बरोबर तासभर लागला. अंगणाच्या कुंपणापाशी शंखाबाई भेटल्या. सकाळपासून त्या अख्खे अंगण ओलांडून आल्या होत्या.

"गाडी कुठे रे?" त्यांनी विचारले.

"बहिणीच्या दारात आहे, आजी. अगदी सुरक्षित."

ती आजही तिथेच आहे, बाळांनो. आठ गाठी सोडायचा मुहूर्त पंचांगात अजून निघालेला नाही. उदाजी मधूनमधून जाऊन तिला नमस्कार करतो. पुढल्या वर्षी मंजुळा बाळंतपणाला माहेरी आली. बारशाला पाळणा बांधायला मांडवात जागा उरली नाही, तेव्हा पंतांनी बाळाला गाडीच्या मागच्या आसनावर निजवले. बाळ शांत झोपले. ती गाडी हलणार नाही, याची सर्वांना खात्री होती. नाव ठेवताना आत्याने बाळाच्या कानात कुर्र केले, आणि त्याच क्षणी शंखाबाई दारात पोहोचल्या.

तात्पर्य: चोरी करणे पापच आहे, परंतु चोरलेली वस्तू परत करण्याची घाई करू नये. तिच्या नसण्याने काय काय सुरळीत चालले आहे, याची आधी चौकशी करावी. आणि ग्रंथाला नमस्कार करून झाल्यावर त्यात काय लिहिले आहे ते कोणाला कळलेच, तर त्याला क्षमा करावी.

ज्यांनी ही कथा ऐकली त्यांच्या घरी सांजवात तेवत राहो. ज्यांची वाहने अडली आहेत त्यांची चालू लागोत, आणि ज्यांना वाहनच नाही त्यांच्या पायांना बळ मिळो. प्रत्येक भाचीचा मामा वेळेवर पोहोचो. प्रत्येक उंबऱ्याआड जोड्या सुखाने नांदोत. किल्ल्या तेवढ्या वेगवेगळ्या राहोत. चोरांनाही सुबुद्धी मिळो, पण बेताची. सांगणाऱ्याचे, ऐकणाऱ्याचे आणि मध्येच झोपी गेलेल्याचेही, सर्वांचे कल्याण असो.